समोरच्या देशाची पाटी

अण्णा, गेल्या महिन्यात मी त्या रस्त्यावर जाऊन आले. बंदरापासून आतल्या देशापर्यंत जाणारा तो रस्ता, तुम्ही वर्गाच्या भिंतीवरच्या खाकी कागदावर लाल पेन्सिलीने काढलेला. आता तो खरा आहे, डांबरी आहे, त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परतताना विमानात मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडत होते. शेवटी म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. बंगळुरात, राजाजीनगरच्या घरात तुमच्याच टेबलाशी बसले आहे. शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवल्यापासून या खोलीत भरदुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. तुम्ही असतात तर पालिकेत खेटे घातले असतेत, आणि आईने तिच्या कानडी ढंगात “सरी, सोडा आता” म्हणून तुम्हाला गप्प केलं असतं.

माझे वडील काय करायचे असं कोणी विचारलं, की मी सांगते, आफ्रिका खंडाचं चाळीस वर्षांचं नियोजन. लोक हसतात. हसण्यासारखंच आहे ते. चिकपेटात पिढ्यान्‌पिढ्या कापड विकणाऱ्या मराठी घरातला मुलगा, घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, कचेरीत इंग्रजी, आणि डोक्यात कुठला तरी दूरचा खंड. पण तुम्ही शिकवायचात त्या नियोजनाच्या संस्थेत दरवर्षी तिकडच्या निरनिराळ्या देशांच्या नियोजन खात्यांतले अधिकारी तीन महिन्यांच्या कोर्सला यायचे, आणि तुम्ही त्यांना एकेका देशाचं गणित सोडवूच द्यायचा नाहीत. सगळ्यांनी मिळून सबंध खंडाची योजना करायची. आधी रस्ते आणि विजेच्या तारा, मग सगळीकडे एकच जकात, मग एक बाजार, मग एक चलन, आणि भिंत जिथे संपायची तिथे, दरवाजाच्या चौकटीला अगदी खेटून, एक संसद. कोणी कुरकुरला, की तुम्ही आपल्या राज्याची गोष्ट काढायचात. निरनिराळ्या राज्यांत विखुरलेला मुलूख जोडून हे एक राज्य कसं झालं, ते तुम्ही तरुणपणी पाहिलं होतं, आणि त्यानंतरची कटकटही पाहिली होती. “पाच वर्षांची योजना मंत्र्याला फीत कापायला लागते,” तुम्ही म्हणायचात. “चाळीस वर्षांची ज्याच्यासाठी करायची, तो अजून जन्मलेलाही नाही. त्याच्या वतीने बोलायची सवय करा.”

आणि ती सवय लावायची तुमची एक खोड होती. पहिल्याच दिवशी तुम्ही टेबलावरच्या देशांच्या पाट्या बदलायचात. ज्याचं शेजाऱ्याशी वाकडं, त्याला त्याच शेजाऱ्याच्या पाटीमागे बसवायचं. तीन महिने त्याने त्या देशाचं हित सांभाळायचं, त्याच्यासाठी भांडायचं, स्वतःच्या देशाविषयी चकार शब्द काढायचा नाही. हा प्रयोग तुम्ही आधी इथल्याच इंजिनियरांवर करून पाहिला होता. कावेरीच्या पाण्यावर बोलायला आपल्या लोकांना तमिळनाडूच्या पाटीमागे बसवलंत, तर त्यातला एक चहासुद्धा न घेता निघून गेला होता. आईने तेव्हाच सांगितलं होतं, “अहो, माणसांना असं खेळवू नये.” तुम्ही म्हणालात, मी खेळवत नाही, बसवतो फक्त.

मी कॉलेजात फ्रेंच शिकले ती पॅरिसला जायच्या हौसेने, आणि लागले तुमच्या वर्गात दुभाषी म्हणून. काही देशांचे लोक फ्रेंच बोलत, काही इंग्रजी, मध्ये मी. वर्गात मी तुम्हाला सर म्हणायचं आणि तुम्ही माझ्याशी इंग्रजीतच बोलायचं, असं ठरलं होतं. त्या वर्षीच्या वर्गात ते दोघे होते. एक समुद्राकाठच्या, इंग्रजी बोलणाऱ्या देशाचे, त्यांना आपण घरात बंदरवाले म्हणायचो. दुसरे त्यांच्या शेजारच्या, चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या देशाचे, फ्रेंच बोलणारे, ते आतले. आतल्यांच्या देशाला मीठ, पेट्रोल, औषधं, सगळं त्या बंदरातूनच यायचं, म्हणून तुम्ही त्या दोघांना योजनेतलं बंदराच्या रस्त्याचं प्रकरण लिहायला दिलं होतंत. पाट्या अर्थातच उलट. बंदरवाले आतल्या देशाच्या पाटीमागे आणि आतले बंदराच्या. दोघांची गट्टी बघण्यासारखी होती. वसतिगृहात खोल्या शेजारी, बंदरवाले रोज सकाळी स्वतःच्या शर्टाबरोबर आतल्यांचाही शर्ट इस्त्री करायचे. बंदरवाले चिकपेटात बायकोसाठी साडी घ्यायला गेले तेव्हा आतले आणि मी बरोबर होतो. आतले दुकानदाराला म्हणाले, याच्याकडून पैसे जास्त घ्या, याच्याकडे समुद्र आहे. मी ते कन्नडमध्ये सांगितलं तर दुकानदार गादीवर आडवा पडून हसला.

रविवारी तुम्ही दोघांना घरी आणायचात. आईने पहिल्यांदा पुरणपोळीचा घाट घातला, तर दोघांनी एकेक खाऊन सभ्यपणे हात आवरले. पुढच्या रविवारी ती म्हणाली, आज मला वेळ नाही, आपलं रोजचंच, आणि रागी मुद्दे केले, वर सारू, म्हणजे पातळ आमटी. ताटात नाचणीचा तो वाफाळता गोळा पाहून आतले बघतच राहिले. मग त्यांनी बोटांनी तुकडा तोडला, अंगठ्याने खळगा केला, सारूत बुडवला आणि न चावता गिळला, अगदी आपल्याकडे गिळतात तसा. मला म्हणाले, “माझी आई बाजरीचा असाच करते. तुझ्या आईला सांग, फक्त माझ्या आईच्या हाताला जास्त चटके बसतात, कारण ती कोणाला मदत करू देत नाही.” मी सांगितलं. आई म्हणाली, “मग त्या आणि मी एकाच जातीच्या.” त्यानंतर दर रविवारी मुद्देच व्हायचे.

कोर्स संपायला काही आठवडे उरले असताना ती सकाळ आली. तुम्ही दाढी करताय, रेडिओ चालू आहे, मी डबा भरते आहे. बातमी अर्ध्या मिनिटाची. दोन्ही देशांच्या सीमेवर तोफा सुरू झाल्यात, बंदरवाल्यांच्या सरकारने रस्ता बंद केलाय, आणि सीमेवरच्या एका गावावर मारा चाललाय. गावाचं नाव निवेदकाने चुकीचं उच्चारलं, तरी मला कळलं. आतल्यांचं घर त्या गावात होतं. बायको, दोन मुलं, आई. तुम्ही रेडिओ बंद केलात, तोंड पुसलंत, आणि एवढंच म्हणालात, “उशीर होतोय.” बसमध्ये मी तुम्हाला विचारलं, आज वर्ग घेणार? घेणार. पाट्या? तुम्ही तिकिटासाठी सुटे पैसे मोजू लागलात.

बसमधून उतरून तुम्ही कचेरीत गेलात, म्हणून आधी पोचले ती मी. वर्गात कोणी नव्हतं. मी त्या दोन पाट्या उचलल्या आणि जागच्या जागी ठेवल्या, बंदरवाल्यांची बंदरवाल्यांपुढे, आतल्यांची आतल्यांपुढे. चोरून नाही केलं, अण्णा. दार उघडं होतं, आणि तुम्ही आलात तेव्हा माझा हात अजून पाटीवरच होता. सगळे आत येऊन बसत होते. आतले आले, त्यांचा शर्ट चुरगळलेला होता. बंदरवाले त्यांच्या मागून आले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. तुम्ही पाट्यांकडे पाहिलंत आणि मराठीत म्हणालात, “होत्या तशा ठेव.” वर्गात तुम्ही माझ्याशी मराठीत बोललात ते तेवढंच. मीही मराठीत म्हणाले, नाही ठेवणार. तुम्ही म्हणालात, “हे तुझ्या दयेवर चालत नाही.” मी म्हणाले, “आणि तुमच्या हट्टावर चालतं? त्यांची माणसं मरताहेत तिकडे, आणि तुम्ही त्यांना मारणाऱ्यांची वकिली करायला लावणार?” सबंध वर्ग ऐकत होता. शब्द कोणालाच कळत नव्हते, पण बापलेकीचं भांडण समजायला भाषा लागत नाही. तुम्ही शांत होतात, आणि त्या शांतपणाची मला इतकी चीड आली की हातातली पाटी फेकून द्यावीशी वाटली.

मग आतले उठले. त्यांनी माझ्या हातातून पाटी घेतली. बंदराची पाटी आपल्यापुढे ठेवली, स्वतःच्या देशाची उचलून टेबलाच्या टोकाला नेली आणि बंदरवाल्यांपुढे ठेवली. परत येऊन बसले आणि मला म्हणाले, “तू फक्त बोल. मी सांगतो ते.” म्हणजे ते मला बोलायचं होतं, अण्णा. दुभाष्याने ‘मी’ म्हणायचं असतं, ‘ते म्हणतात’ असं म्हणायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या दिवशी मी भर वर्गात म्हणाले, “रस्ता आम्ही बंद केला. तुमच्या ट्रकांतून बंदुका येतात अशी आम्हाला भीती आहे. ते खरं की खोटं, आम्हालाही ठाऊक नाही. भीती खरी आहे.” ते भिंतीकडे बघत बोलत होते, हळू, मला वेळ मिळावा म्हणून वाक्यं तोडून. “आम्हाला रस्ता उघडायचा आहे. पण तुमच्या शब्दावर नाही. एक कचेरी बांधा, सीमेवर, एका छपराखाली. तुमचे तपासनीस आमच्या बाजूला बसतील, आमचे तुमच्या. रस्ता बंद करायचा तर दोघांच्या सह्या लागतील. एकट्याला तो बंद करता येणार नाही. आम्हालासुद्धा नाही.” तुम्ही लिहून घेत होतात.

आता उत्तर बंदरवाल्यांनी द्यायचं होतं. त्यांच्यापुढे पाटी आतल्या देशाची. त्यांनी सुरुवात केली, “आमचं गाव,” आणि थांबले. पुन्हा म्हणाले, “आमचं गाव सीमेवर आहे.” मग पाटी सोडून आपल्या मित्राला म्हणाले, “मला तुझ्या गावातलं काहीच माहीत नाही. शाळा किती आहेत तेही नाही.” मी ते फ्रेंचमध्ये आतल्यांना हळू सांगितलं. ते म्हणाले, “दोन. मुलींची चर्चच्या मागे. माझी मुलगी तिथे जाते.” मी ते मोठ्याने सांगितलं. बंदरवाले म्हणाले, “आमच्या गावात दोन शाळा आहेत. मुलींची चर्चच्या मागे आहे. माझी मुलगी तिथे जाते.” दवाखाना? एक, नदीच्या अलीकडे. “आमचा दवाखाना नदीच्या अलीकडे आहे. त्याच्यावर तोफा डागू नका.” असं कितीतरी वेळ चाललं. विहिरी, बाजाराचा दिवस, पूल. बंदरवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मी दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते, आणि कोणाचं वाक्य बोलते आहे हे मला शेवटी शेवटी कळेनासं झालं होतं.

त्या दिवशी रस्त्याचं प्रकरण पुरं झालं. असं प्रकरण आजवर कुठल्याच वर्गाने लिहिलं नाही, असं तुम्ही घरी आईला सांगितलंत, माझ्याशी न बोलता, मी समोर असताना. आई म्हणाली, “आणि त्यांच्या घरचं काय?” फोन लागत नव्हते. दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीला आपल्या घरचा नंबर दिलेला होता, म्हणून आतले संध्याकाळी वसतिगृहात न जाता आपल्याकडे येऊन फोनजवळच्या स्टुलावर बसायचे. फोन वाजला की उठून उभे राहायचे, आणि तो बहुतेक वेळा आईच्या भिशीतल्या बायकांचा असायचा.

बातमी रविवारी दुपारी आली. आई मुद्दे घोटत होती. बायको आणि मुलं वेळेवर निघाली होती, उत्तरेला तिच्या माहेरी सुखरूप होती. त्यांच्या आईने घर सोडायला नकार दिला होता. घरावर गोळा पडला. कोणत्या दिवशी, ते फोनवरच्या माणसाला माहीत नव्हतं. आतल्यांनी त्याला तेच पुन्हा पुन्हा विचारलं, कोणत्या दिवशी, कोणत्या दिवशी. मग रिसीव्हर ठेवला, स्वयंपाकघराच्या दाराशी आले, आणि तुमच्याकडे बघत मला म्हणाले, “प्रोफेसरांना विचार. मी बंदराच्या बाजूने बोलत होतो, तेव्हा ती जिवंत होती का?”

हे मी तुम्हाला मराठीत विचारलं, अण्णा. माझ्या तोंडून विचारलं गेलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत ते मी अजून विसरलेले नाही. तुमच्याकडे सगळ्याला उत्तर असायचं. रस्ता वाहून गेला तर, सरकार पडलं तर, चलन बुडालं तर, सगळं त्या खाकी कागदावर होतं. तुम्ही भिंतीला टेकून हळूहळू खाली, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलात. ते तुमच्या शेजारी बसले. आईने गॅस बंद केला आणि तीही खाली बसली, घोटणी हातात तशीच. तुम्ही म्हणालात, “मला माहीत नाही.” मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. त्यांनी मान हलवली. तुम्ही त्यांचा हात धरला होतात, तुम्ही, ज्यांनी माझा हात शाळेचा रस्ता ओलांडतानाही कधी धरला नव्हता.

ते दोघे एकाच विमानाने गेले, अर्ध्या वाटेपर्यंत तरी. प्रकरण दोघांनी आपापल्या बॅगेत घातलं. दारातून रिक्षा वळल्यावर मी तुम्हाला म्हणाले, “आता तरी पटलं?” अशा वेळी बोलू नये ते मी बोलते, ही माझी जुनीच रीत. तुम्ही चपला काढून आत गेलात.

पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी मी भांडायच्या तयारीनेच आले होते. रात्रभर वाक्यं घोकली होती. वर्गात पाऊल टाकलं, तर पाट्या सरळ. ज्याची त्याच्यापुढे. तुम्ही फळ्यावर काहीतरी लिहीत होतात, मागे वळूनही पाहिलं नाहीत. तो वर्ग कसा झाला तुम्हाला आठवतंय? प्रत्येकाला बंदर आपल्याकडे हवं, धरण आपल्याकडे हवं, मुख्य कचेरी आपल्याच राजधानीत हवी. प्रकरणं झाली, जाडजूड झाली. तुम्ही सगळ्यांना चांगले शेरे दिलेत. पुढे पैसा आटला, शहराला कॉम्प्युटरचं वेड लागलं, तुमचा वर्ग बंद करून तिथे यंत्रं मांडली, आणि खाकी कागदाची गुंडाळी घरी आली ती तुम्ही कधी उलगडली नाहीत. मला राग आला होता, अण्णा. अजून आहे. मी तुम्हाला एका सकाळपुरतं थांबा म्हटलं होतं. कायमचं थांबा असं कोणी सांगितलं होतं? त्या सरळ पाट्या बघून मला बरं वाटेल असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्हाला आपली मुलगी कळलीच नव्हती. तुम्ही माझ्याशी भांडायला हवं होतंत. “मूर्ख आहेस” म्हणायला हवं होतंत. तुम्ही मला जिंकू दिलंत, आणि त्यानंतर आपण हवापाण्याचंच बोलत राहिलो, तुम्ही जाईपर्यंत.

गेल्या महिन्यात तिकडे एका बैठकीला मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. सबंध खंडाचा एक बाजार करायचा करार आता झालाय, तुमच्या भिंतीवर होता त्यापेक्षा उशिरा आणि बराच अर्धवट, पण झालाय. बैठकीनंतर आम्हाला सीमेवर नेलं. एक लांब छप्पर, खाली एकच कचेरी. इकडचे तपासनीस तिकडच्या बाजूला बसलेले, तिकडचे इकडे. ट्रकांची रांग मात्र होतीच, आणि ड्रायव्हर दोन्ही देशांना सारख्याच शिव्या घालत होते. तिथे काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ उभे होते. दुभाष्यांच्या नावांत माझं आडनाव वाचून गाडी करून आले होते. ते आतले होते, मी आधी शर्टावरून ओळखलं, कडक इस्त्री. बंदरवाले दोन वर्षांपूर्वी गेले, आणि हे अंत्ययात्रेला सीमा ओलांडून गेले होते, हे त्यांनीच सांगितलं. रस्ता गावाला वळसा घालून जातो. गाव पूर्वीसारखं पुन्हा उभं राहिलं नाही, पण मुलींच्या शाळेवर छप्पर आहे. आपल्या आईचा दिवस त्यांना शेवटपर्यंत कळला नाही.

मग म्हणाले, “तुझ्या वडिलांवर मी कितीतरी वर्षं चिडून होतो. खात्यात वर चढलो, ही कचेरी उभी करायची वेळ आली, तेव्हा दोन्हीकडचे लोक टेबलाटेबलावरून भांडत होते. मी त्यांना पहिला महिनाभर उलटंसुलटं बसवलं. शिव्या खाल्ल्या. रोज वाटायचं, सोडून द्यावं. मग मनात यायचं, आत्ता या घटकेला बंगळुरात प्रोफेसर आणखी कुणाला तरी असंच नको त्या पाटीमागे बसवत असतील. त्याच्यावर मी दिवस काढले.” आणि माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “बसवत होते ना? शेवटपर्यंत?”

हे कागद मी कुठे पाठवणार, आणि पाठवता आले असते तरी पाठवले नसते, कारण खोटं तुम्हाला कधीच खपलं नाही. फ्रेंचमध्ये मी उभा जन्म दुसऱ्यांची वाक्यं बोलत आले, अण्णा. हे एक मी माझं स्वतःचं बोलले. मी म्हणाले, हो, शेवटच्या वर्षापर्यंत, माझं न ऐकता.